मँचेस्टरजवळच्या सेल उपनगरात राहायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मँचेस्टरची नोकरी पक्की झाली, व्हिसा आला, आता घर शोधायचंय. अशा वेळी ऑफिसमधलं कुणीतरी सांगतं, "सेल बघ, एरिया चांगला आहे." चांगला म्हणजे काय, हे मात्र कुणी सांगत नाही. मुंबई-पुण्याहून, नागपूर-नाशिकहून इकडे येणारे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. जिथे लोक खरोखर अडकतात तिथे सविस्तर, बाकी थोडक्यात.

सेल नक्की कुठे आहे? ते मँचेस्टरमध्ये येतं की नाही?

शहराच्या मध्यापासून नैर्ऋत्येला साधारण ५ मैलांवर, मर्सी नदीच्या दक्षिण काठावर. वस्ती सुमारे ५५ हजार. पत्त्यात मँचेस्टर लिहितात, पोस्टकोड एम३३, पण मँचेस्टरच्या महापालिकेचा इथे काही संबंध नाही. कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी), शाळाप्रवेश, कचरा हे सगळं ट्रॅफर्ड कौन्सिलकडे. १ एप्रिल १९७४ ला सेल, ऑल्ट्रिंगम, स्ट्रेटफर्ड, अर्मस्टन वगैरे गावं एकत्र करून ट्रॅफर्ड तयार झालं. तोवर सेल चेशायर काउंटीत होतं. जुने रहिवासी अजून पत्त्यात चेशायर लिहितात. घर विकायचं असलं की एजंटही लिहितात.

हे फक्त माहितीसाठी सांगत नाही. नदी ओलांडून चॉर्ल्टनला गेलात किंवा पूर्वेला नॉर्दर्न मूरकडे सरकलात की कौन्सिल बदलतं, आणि त्याबरोबर शाळांची पद्धत, कचऱ्याच्या डब्यांचे रंग आणि कौन्सिल टॅक्सचा आकडाही. घर बघताना एजंट "जवळजवळ सेलच" म्हणाला तर पोस्टकोड घ्या आणि कौन्सिल कुठलं ते स्वतः तपासा.

इतके लोक इथेच का राहतात?

रेल्वेमुळे. १८४९ मध्ये मँचेस्टर ते ऑल्ट्रिंगम रेल्वे सुरू झाली आणि गिरण्यांच्या धुरातून बाहेर पडू पाहणाऱ्या व्यापाऱ्यांना शेतीवाडीचं सेल सापडलं. ब्रुकलँड्स हा भाग सॅम्युएल ब्रुक्स या बँकरच्या नावावरून ओळखला जातो. त्याने जमिनी घेतल्या, लांब सरळ रस्ता काढला, स्टेशन आणलं. त्या काळचे मोठे बंगले आज फ्लॅट पाडून भाड्याने दिलेले दिसतात. पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जोडघरं आली: दोन घरांत एक सामाईक भिंत, पुढे गोलसर खिडकी, मागे बाग. आज घर घेणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला यातलंच एखादं येतं.

ऑफिसला जायला किती वेळ लागतो?

तीच रेल्वे १९९२ मध्ये मेट्रोलिंक ट्राम झाली. सेल परिसरात डेन रोड, सेल आणि ब्रुकलँड्स असे थांबे आहेत. शहराच्या मध्यात पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता, आणि गर्दीच्या वेळी साधारण दर ६ मिनिटांनी ट्राम असते. फाटक नाही, कंडक्टर नाही. फलाटावरच्या यंत्रावर बँकेचं कार्ड टेकवायचं आणि चढायचं. उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. जाताना कार्ड आणि येताना फोन असं करू नका. बँक खातं एक असलं तरी यंत्राच्या हिशेबी ते दोन वेगळे प्रवासी ठरतात आणि दिवसाच्या कमाल भाड्याचा फायदा जातो.

बसगाड्या जानेवारी २०२५ पासून पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आल्या आहेत. पिवळ्या रंगाच्या बी नेटवर्कच्या गाड्या त्याच. सायकल चालवत असाल तर ब्रिजवॉटर कालव्याच्या काठची वाट थेट शहरात कॅसलफील्डपर्यंत जाते. सपाट रस्ता, सिग्नल नाही. नोव्हेंबरात मात्र अंधार आणि ओली पानं, त्यामुळे चांगला दिवा घ्या.

एक इशारा: ओल्ड ट्रॅफर्डवर फुटबॉलचा सामना असेल त्या संध्याकाळी याच मार्गावरच्या ट्राममध्ये पाय ठेवायला जागा नसते. सामन्यांच्या तारखा फोनमध्ये टाकून ठेवा, फुटबॉलशी देणंघेणं नसलं तरी.

घर कुठल्या भागात बघावं? ब्रुकलँड्स, सेल मूर, ॲश्टन?

भागाच्या नावावर जाऊ नका, चालण्याच्या अंतरावर जा. घरापासून ट्रामचा थांबा, शाळेचं फाटक, दवाखाना आणि किराणा यांतल्या तीन गोष्टी तरी पंधरा मिनिटांत पायी गाठता आल्या पाहिजेत. एवढं जमत असेल तर घर थोडं लहान असलं तरी चालेल. गाडी घेऊ तेव्हा बघू, असं म्हणून लोक लांबचं मोठं घर घेतात. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते, त्यानंतर इथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. विमा पहिल्या वर्षी डोळे पांढरे करतो. तोवर घरातलं जे माणूस नोकरी करत नाही ते पावसात बाबागाडी ढकलत असतं, आणि उपनगर आवडलं की नाही हे शेवटी त्याच्या मतावर ठरतं.

ॲश्टन-ऑन-मर्सीचा भाग छान आहे, पण त्याच्या आतल्या बाजूहून ट्राम लांब पडते. सेल मूर तुलनेने स्वस्त. ब्रुकलँड्स आणि टिम्पर्लीच्या बाजूला घरं मोठी, भाडीही मोठी. कुठलंही घर पसंत करण्याआधी तिथून थांब्यापर्यंत संध्याकाळी एकदा चालून बघा.

भाड्याने घर घेताना काय लागतं?

व्हिसाचा ऑनलाइन पुरावा, पगाराचं पत्र आणि आधीच्या घरमालकाचा दाखला. हा दाखला नव्याने आलेल्याकडे कुठून असणार? म्हणून आजवर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायची पद्धत होती. नव्या कायद्याने मे २०२६ पासून एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं मागायला बंदी आहे. त्यामुळे आता जामीनदार मागतात. कंपनीच्या एचआरकडे आधीच विचारून ठेवा, काही कंपन्या पत्र देतात.

अनामत रक्कम जास्तीत जास्त ५ आठवड्यांच्या भाड्याइतकी. ती मालकाच्या खिशात राहत नाही. ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत नोंदवावी लागते. घराचा ताबा घेताना प्रत्येक खोलीचे, गालिच्यावरच्या प्रत्येक डागाचे, ओव्हनच्या आतलेसुद्धा फोटो काढा आणि त्याच दिवशी एजंटला ईमेल करा. घर सोडताना हळदीच्या डागावरून वाद झालेली मराठी कुटुंबं थोडी नाहीत. स्वयंपाकघराचा ओटा पांढरा असेल तर हळद, फोडणी, आमटी यांच्यासाठी एक जुना ट्रे कायमचा ठेवून द्या.

विकत घ्यायचं असेल तर? पुण्यात आमचा एक फ्लॅट आहे.

हा प्रश्न नीट विचारल्याबद्दल आभार, कारण बहुतेक लोक पुण्याचा फ्लॅट सांगतच नाहीत. इंग्लंडमध्ये पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३ लाख पौंडांपर्यंत मुद्रांक शुल्क लागत नाही, मात्र घराची एकूण किंमत ५ लाखांच्या आत हवी. पण 'पहिल्यांदा' म्हणजे जगात कुठेही पहिल्यांदा. पुण्यातला, ठाण्यातला, कोल्हापुरातला कुठलाही फ्लॅट तुमच्या नावावर असला की ही सवलत गेली. आईवडिलांकडून वारशाने आलेलं घरही यात धरतात. नवरा-बायको मिळून घेत असाल आणि एकाच्याच नावावर तिकडे घर असेल तरी दोघांची सवलत जाते.

त्याहून महाग गोष्ट पुढे आहे. तिकडचं घर ठेवून इकडे दुसरं घेतलं तर ते जादा घर समजून पूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार लागू शकतो. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपर्यंत तो ३ टक्के होता. ४ लाख पौंडांच्या घरावर नुसता अधिभारच २० हजार. म्हणून घराच्या शोधाला लागण्याआधी वकिलाला, म्हणजे सॉलिसिटरला, भारतातल्या सगळ्या मालमत्तेची यादी द्या: सामाईक नावं, हक्कसोड झालेली, न झालेली, गावाकडचं वडिलोपार्जित घर, सगळी. सातबाऱ्यावरच्या निव्वळ शेतजमिनीचा प्रश्न वेगळा आहे, पण तिच्यावर घर असेल तर तेही सांगा. कागदपत्रांचं भाषांतर करून घ्यायला वेळ लागतो.

अख्खं घर, तरी लीजहोल्ड लिहिलंय. काही घोटाळा आहे का?

बहुतेक वेळा नाही. मँचेस्टर परिसरात जुनी घरंसुद्धा ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असणं नेहमीचं आहे. जमिनीचं भाडं वर्षाला काही पौंड, इतकं किरकोळ की कित्येक मालकांना ते कुणाला द्यायचं हेही ठाऊक नसतं. काही घरांवर 'चीफ रेंट' नावाची आणखी एक जुनी वार्षिक रक्कम असते. १९७७ च्या कायद्यानुसार अशा बहुतेक रकमा २०३७ मध्ये संपतील.

काळजी घ्यायची ती फ्लॅटमध्ये. पट्ट्याची किती वर्षं उरलीत, देखभाल खर्च किती आणि गेल्या काही वर्षांत तो कसा वाढला, हे लेखी घ्या. ८० वर्षांच्या खाली गेलेला पट्टा वाढवून घेणं महाग पडतं आणि बँकाही कर्ज देताना नाक मुरडतात.

नदी जवळ आहे, पुराचा धोका?

मर्सी चढते, आणि झपाट्याने चढते. सेल आणि नदी यांच्या मधला भाग मोकळा ठेवलाय तो उगीच नाही. ती पुराच्या पाण्याची जागा आहे. सेल वॉटर पार्कचा तलावसुद्धा निसर्गाने केलेला नाही. १९७० च्या दशकात महामार्गाच्या भरावासाठी तिथून वाळू-खडी उपसली, त्या खड्ड्यात तलाव झाला. नदी फार चढली की जादा पाणी तिथे वळवता येतं. घर घेण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून नदीच्या पुराचा आणि पावसाचं पाणी तुंबण्याचा, असे दोन्ही धोके बघा. नदीपासून लांब असलेल्या घरालाही दुसरा धोका असू शकतो.

कौन्सिल टॅक्स भाड्यात धरलेला असतो का?

नसतो. घराची १ एप्रिल १९९१ ला काय किंमत झाली असती त्यावरून ए ते एच असा गट ठरतो. घर काल बांधलेलं असलं तरी तारीख तीच. सहसा एप्रिल ते जानेवारी असे १० हप्ते येतात, फेब्रुवारी-मार्च मोकळे. घरात एकच प्रौढ व्यक्ती असेल तर २५ टक्के सूट मिळते, पण मागितल्यावर.

चार डबे कशाला? आणि कुठला कधी बाहेर ठेवायचा?

करडा डबा उरलेल्या कचऱ्याचा. हिरवा उष्टं-खरकटं आणि बागेतल्या कचऱ्याचा. निळा कागद-पुठ्ठ्याचा. काळा काच, डबे आणि प्लास्टिकच्या बाटल्यांचा. काळा म्हणजे साधा कचरा असा आपला समज असतो आणि तिथेच पहिल्या आठवड्यात गोंधळ होतो. पुनर्वापराच्या डब्यात डाळ चिकटलेला डबा किंवा तेलकट पुठ्ठा दिसला तर कर्मचारी तो तसाच सोडून जातात, मग पुढच्या फेरीपर्यंत भरलेला डबा दारात.

सगळे डबे रोज काय, दर आठवड्यालाही नेत नाहीत. कुठल्या आठवड्यात कुठला, याचं कॅलेंडर कौन्सिलच्या संकेतस्थळावर पत्त्यानुसार मिळतं. सोपी युक्ती अशी की आदल्या रात्री खिडकीतून गल्लीत डोकवायचं. समोरच्या घरातले आजोबा संध्याकाळी सातला चप्पल घालून डबा ओढत आणतात, मूठ रस्त्याकडे करून ठेवतात, आणि त्यांच्यामागून आख्खी गल्ली तोच रंग बाहेर काढते. अशा आजोबांशी ओळख वाढवा. सुट्टीमुळे दिवस बदलला की ते तुमचं दार वाजवून सांगतील.

हिवाळ्यात भिंतीवर काळे डाग येतात. मालक म्हणतो, तुमच्या स्वयंपाकामुळे. खरं काय?

थोडं त्याचं खरं, थोडं तुमचं. जानेवारीत बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाट ओढून बघा. खालच्या कोपऱ्यात मिरीचे दाणे सांडल्यासारखे काळे ठिपके, आणि मागे टांगलेल्या लोकरी कोटाला कुबट वास. कुकरची वाफ, उकळणारा भात, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, चौघांचे श्वास यांतून पाणी हवेत जातं. ती उबदार हवा थंडगार भिंतीला लागली की त्याच पाण्याचे थेंब होतात आणि बुरशी धरते. जुन्या घरांच्या भिंतींना आतून पुरेसं उष्णतारोधन नसेल तर हे लवकर होतं, आणि ती जबाबदारी मालकाची. पाइप किंवा छत गळत असेल तर पूर्णपणे त्याची.

आपल्या हातात जे आहे ते करा. खिडकीच्या वरच्या पट्टीतली बारीक झडप लोक थंडी लागते म्हणून टेप लावून बंद करतात, ती उघडी ठेवा. स्वयंपाक करताना दार बंद, पंखा चालू. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे. कपडे एकाच खोलीत वाळवा आणि तिथे हवेतलं पाणी शोषणारं यंत्र लावा. त्याची टाकी पहिल्या रात्रीत किती भरते ते पाहिलं की पटेल. हीटिंग दोन तास जोरात चालवून बंद करण्यापेक्षा मंद आणि सलग ठेवलेली बरी. आणि डागांचे तारखेसह फोटो मालकाला लेखी कळवत राहा.

फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो. काय करावं?

अलार्म काढून ठेवू नका. जीव वाचवायला लावलाय तो. गॅसवरच्या हुडाचा पाइप बाहेर जातो की नाही ते बघा. बऱ्याच घरांत तो हवा जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडतो. त्यातली कोळशाची जाळी बदलता येते, आणि कित्येक घरांत ती घर बांधल्यापासून बदललेली नसते. मिरचीचा ठेचा, सुकट, बोंबील भाजायचं काम मागचं दार उघडून करा.

शाळांचं काय? अकराव्या वर्षीच्या परीक्षेबद्दल खूप ऐकलंय.

ट्रॅफर्डमध्ये घर घ्यायला लोक धडपडतात त्याचं मोठं कारण हेच. इंग्लंडच्या बहुतेक भागांत सरकारी माध्यमिक शाळा मुलांना परीक्षा घेऊन निवडत नाहीत. ट्रॅफर्ड अपवाद आहे. सेल ग्रामर, ऑल्ट्रिंगमच्या मुलांची आणि मुलींची अशा दोन वेगळ्या ग्रामर, अर्मस्टन ग्रामर, स्ट्रेटफर्ड ग्रामर या सरकारी, बिनफीच्या शाळा आहेत, पण प्रवेशपरीक्षा देऊनच आत जाता येतं. परीक्षा इथल्या सहावीच्या (इयर ६) सुरुवातीला, सप्टेंबरात. नोंदणी त्याच्या काही महिने आधी, पाचवीत असतानाच. ही तारीख चुकली की विषय संपला. माध्यमिक शाळेचा अर्ज कौन्सिलकडे ३१ ऑक्टोबरपर्यंत, निकाल १ मार्चला. प्राथमिकसाठी १५ जानेवारी आणि १६ एप्रिल.

आपल्याकडची शिष्यवृत्ती परीक्षा आठवून बघा, फक्त इथे त्या एका गुणपत्रिकेवर पुढच्या सात वर्षांची शाळा ठरते. शिकवण्या चौथीपासून सुरू होतात, काही घरांत त्याही आधी. आपली मंडळी यात हिरिरीने उतरतात. माझं मत विचाराल तर वाचनाची गोडी असलेल्या मुलाला एक वर्षाचा बेताचा सराव पुरतो. ज्याला रडवून बसवावं लागतं त्याला ग्रामरमध्ये ढकलून पुढे काय साधतं ते कळत नाही. इथल्या बिगरग्रामर शाळा टाकाऊ आहेत ही समजूतही काढून टाका. वेलिंग्टन, ॲश्टन-ऑन-मर्सी, सेल हायस्कूल या शाळा जाऊन बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळा पालकांसाठी खुल्या असतात. वर्गापेक्षा मधल्या सुट्टीत मुलं कशी वागतात ते पाहा.

लहानांचं गणित वेगळं. चौथा वाढदिवस झाल्यानंतरच्या सप्टेंबरात मूल रिसेप्शन वर्गात जातं. वर्षाची हद्द १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. जागा कमी पडल्या तर भावंड, अंतर, आणि चर्चशी जोडलेल्या शाळेत धर्म असे निकष लागतात. वर्षाच्या मध्येच आलात तर ज्या शाळेत जागा शिल्लक तीच मिळते. ती घराजवळची असेलच असं नाही. म्हणून शक्य असेल तर घराचा करार सही करण्याआधी कौन्सिलला फोन करून कुठल्या इयत्तेत कुठे जागा आहे ते विचारा.

मराठीची जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा, नाही. गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दूची आहे. मराठी घरातच टिकवावी लागते.

डॉक्टर कसा मिळतो?

जवळच्या जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात नाव नोंदवा, आजारी पडायची वाट बघू नका. नोंदणी फुकट, आणि पत्त्याचा पुरावा नाही म्हणून ते नाकारू शकत नाहीत. व्हिसाबरोबर तुम्ही वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरलेला असतो, तेव्हा संकोच नको. किरकोळ घसादुखी, कानदुखी, मूत्रमार्गाचा संसर्ग यांसाठी २०२४ पासून औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टच तपासून काही औषधं देऊ शकतो. रात्री-अपरात्री १११ ला फोन, जिवावरचं असेल तर ९९९.

मोठं आपत्कालीन रुग्णालय विदनशॉचं. ट्रॅफर्डमधल्याच डेव्हीह्युल्मच्या रुग्णालयात ५ जुलै १९४८ ला आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, उद्घाटन केलं होतं. तिथे आज पूर्ण आपत्कालीन विभाग नाही, हे रुग्णवाहिका नसताना स्वतः गाडी काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. दातांचं काम जमलं तर भारतातून करूनच या.

किराणा, भाज्या, मासे?

रोजच्या डाळी-तांदूळ-कणीक सेलमधल्या सुपरमार्केटातच मिळतात. महिन्याच्या खरेदीला रशोम, लाँगसाइट किंवा चीटम हिल. ज्वारीचं पीठ गुजराती पद्धतीने 'जुवार' लिहिलेल्या पाकिटात असतं, भगर 'मोरैयो' नावाने. खवलेला नारळ, मेथी, शेवग्याच्या शेंगा, पापलेट, सुरमई गोठवलेल्या कपाटात. ताजा बांगडा मात्र इथल्या समुद्रातलाच मिळतो. आपल्याहून मोठा आणि तेलकट. तिरफळ घालून केला तर तक्रार राहत नाही.

देऊळ, गणपती, दिवाळी?

विदिंग्टनमध्ये गांधी हॉलचं राधाकृष्ण मंदिर आणि व्हॅली रेंजमध्ये गीता भवन, दोन्ही सेलपासून फार लांब नाहीत. घरच्या गणपतीचं विसर्जन बागेत बादलीत करा, कालव्यात नको. फटाके रात्री ११ नंतर उडवायला बंदी आहे, पण दिवाळीच्या रात्री कायद्यानेच १ वाजेपर्यंत मुभा दिली आहे. स्वतःच्या बागेत मात्र. रस्त्यावर उडवणं गुन्हा आहे. शेजारी कुत्रं असेल तर आदल्या दिवशी चिठ्ठी आणि चार करंज्या पोहोचवा.

सतत पाऊस असतो म्हणे?

मुंबईच्या निम्माही पडत नाही. पण मुंबईत चार महिन्यांत जेवढं उरकतं ते इथे वर्षभर चिमटीने चालतं. छत्रीपेक्षा टोपीवालं जॅकेट बरं. पावसाहून जड जातो तो अंधार: डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो. जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड.

उपनगर अगदीच शांत आहे. करमतं का?

पहिला हिवाळा अवघड जातो, विशेषतः घरी राहणाऱ्या जोडीदाराला. इथे कुणी न सांगता येत नाही, गॅलरीतून गप्पा होत नाहीत. ग्रंथालयातला बालगीतांचा तास, शाळेच्या फाटकावरची दहा मिनिटं, शनिवारी सकाळी पार्कातली सामूहिक धाव, ॲलॉटमेंट म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, यांतलं काहीतरी एक धरावं लागतं. एकदा धरलं की तीच चार माणसं सगळीकडे भेटू लागतात.

बघायलाही आहे. ब्रिजवॉटर कालवा, डनहॅम मॅसीची हरणं, १२९० ची सनद असलेलं ऑल्ट्रिंगमचं मार्केट. ब्रुकलँड्सच्या स्मशानभूमीत जेम्स ज्यूलची कबर आहे. शाळेत ज्याच्या नावाने ऊर्जा मोजली तोच. तो १८८९ मध्ये सेलमध्येच वारला. दगडावर ७७२.५५ हा आकडा कोरलाय: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला किती काम लागतं, याचं त्याने मोजलेलं उत्तर. विज्ञान शिकणाऱ्या मुलाला एकदा घेऊन जाच.

आणि क्रिकेट. काही थांब्यांवर ओल्ड ट्रॅफर्डचं क्रिकेटचं मैदान. फुटबॉलचं त्याच नावाचं मैदान वेगळं. १९३६ मध्ये विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी इथे सलामीला २०३ जोडल्या. ऑगस्ट १९९० मध्ये सतरा वर्षांच्या सचिनने पहिलं कसोटी शतक, नाबाद ११९, इथेच ठोकलं. लँकेशायरकडून १९६८ ते १९७६ खेळलेल्या मुंबईच्या फारूख इंजिनियर यांचं नाव क्लाइव्ह लॉइड यांच्यासह २०२५ मध्ये तिथल्या एका स्टँडला दिलंय. काउंटीचे सामने स्वस्त असतात, डबा नेता येतो, आणि मधल्या आठवड्यात निम्मे प्रेक्षक डुलक्या घेत असतात.

वंशद्वेषाचा त्रास होतो का?

रोजच्या जगण्यात क्वचित. कधी ट्राममध्ये दारू प्यायलेल्याची शेरेबाजी, कधी मुलाला शाळेत डब्यावरून टोमणा. ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लंडभर दंगली झाल्या तेव्हा इथल्या भारतीयांनीही काही दिवस संध्याकाळी बाहेर पडणं टाळलं. शाळेतल्या प्रकाराबद्दल शिक्षकांना लेखी कळवा, बाकीसाठी पोलिसांचा १०१. नोंद झाली पाहिजे.

आम्ही भारतीय नागरिक. इथे मत देता येतं का?

येतं, अगदी संसदेच्या निवडणुकीतही. राष्ट्रकुल देशांचे नागरिक व्हिसावर राहत असले तरी मतदार म्हणून नाव नोंदवू शकतात. बरेच जण हे ऐकून थट्टा समजतात. केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो. मतदारयादीत नाव असलं की कर्ज, मोबाइल करार वगैरेसाठीची पतही सुधारते.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत. काय तयारी करू?

मे ते सप्टेंबरातच बोलवा. एका फेरीत सहा महिन्यांहून जास्त राहता येत नाही, तेव्हा ते महिने अंधारात घालवू नका. जुलै २०२५ मध्ये इंडिगोने मुंबई-मँचेस्टर थेट विमान सुरू केलं. वेळापत्रक बदलत असतं, तिकीट काढताना तपासा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी व्हीलचेअर आधी नोंदवा. विमानतळाहून ट्राम आहे, पण सेलसाठी मध्ये बदलावी लागते. सामान असेल तर टॅक्सीच बरी.

पाहुण्यांना जीपी फुकट तपासू शकतो आणि आपत्कालीन विभागातले पहिले उपचारही फुकट, पण दाखल करावं लागलं की एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल येतं. विमा घ्याच, आणि त्यात मधुमेह, रक्तदाब, आधीची अँजिओप्लास्टी सगळं जाहीर करा. लपवलेल्या आजारावर विमा कंपनी हात वर करते. औषधं पूर्ण मुक्कामाची, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चष्म्याची जादा जोडी. खोली शक्यतो खालच्या मजल्यावर, नाहीतर जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घ्या. जिने अरुंद आणि गालिच्यामुळे निसरडे असतात, आणि बहुतेक घरांत संडास वरच असतो.